सात सेल, सहा मिनिटं

वाफेच्या इंजिनांवर जीव असलेल्या माणसांचा मला हेवा वाटतो. त्यांचं इंजिन शंभर वर्षांचं असलं तरी त्याला लागतं काय, तर कोळसा आणि पाणी. आणि या दोन्ही गोष्टी अजून मिळतात. बॉयलर तपासून घेतला, शिट्टी वाजली, की १९२० साल हजर. विजेवर चालणाऱ्या जुन्या वस्तूंचं तसं नसतं. १९८५ साली शर्यती जिंकणारी एखादी रेडिओवर चालणारी छोटी बोट आज कुणाच्या माळ्यावर धडधाकट सापडली, तिची मोटर फिरली, सुकाणू हललं, तरी ती १९८५ सारखी पळणार नाही. ती ज्या सेलांवर पळायची ते आता मिळत नाहीत. युरोपात तर त्या जातीचे सेल विकायलाच, काही अपवाद सोडले तर, कायद्याने बंदी आहे. बोट आहे, तळं आहे, पळवणारा माणूसही (गुडघे दुखत असले तरी) आहे. इंधन तेवढं इतिहासजमा झालंय.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही (म्हणजे बहुधा सगळ्यांनाच) त्यांच्यासाठी थोडक्यात. दीड-दोन फूट लांबीची बोट, आत विजेची मोटर, बॅटरी आणि रेडिओ रिसीव्हर. चालवणारे काठावरच्या फळीवर ओळीने उभे, प्रत्येकाच्या हातात ट्रान्समीटर. पाण्यात तरंगत्या खुणा लावून मार्ग आखलेला. पाच-सहा बोटी एकदम सुटतात आणि ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त फेऱ्या मारणारी जिंकते. युरोपात या खेळाची शिखर संघटना 'नाविगा', स्थापना १९५९, बाझेल. ब्रिटनमधली मॉडेल पॉवर बोट असोसिएशन त्याहून जुनी, १९२४ ची. नाविगाच्या नियमांतला 'इको' नावाचा वर्ग हा विजेच्या बोटींचा फार लोकप्रिय वर्ग. त्याचा जुना नियम एका ओळीत सांगता येतो: बॅटरीत सात सेल, शर्यत सहा मिनिटांची.

मी या खेळात उशिरा आलो. कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होतो. तिथे शिप मॉडेलिंग हा स्पर्धेचा रीतसर प्रकार असतो, त्यामुळे बाल्सा लाकूड, पॉलिश पेपर आणि डोप यांचा वास ओळखीचा होता. त्याआधीची ओळख म्हणायची तर जत्रेतली पत्र्याची होडी: आत वात पेटवायची, मागच्या दोन नळ्यांतून पाणी पुकपुकत बाहेर पडायचं, आणि ती परातीत गोल गोल फिरायची. पुढे नोकरीनिमित्त विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीला इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये राहायला आलो आणि एका रविवारी तळ्यावर हे लोक भेटले. बहुतेक सगळे निवृत्त कामगार. कुणी टूलमेकर, कुणी मोटार कारखान्यातला फिटर, एक टेलिफोन खात्यातला. म्हणजे निकेल-कॅडमियम सेलांचं राज्य मी पाहिलं, पण त्याची शेवटची तीन-चार वर्षं. जे मला सांगायचंय त्यातलं निम्मं मी पाहिलेलं आहे आणि निम्मं थर्मासमधला चहा पिता पिता ऐकलेलं.

विजेची बोट हा रेडिओ-नियंत्रणाच्या इतिहासातला पोटभाग नाही. तिथूनच सुरुवात होते. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने पाण्याच्या टाकीत एक छोटी बोट सोडली आणि तिला हात न लावता, तार न जोडता वळवून दाखवली. त्या वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला अमेरिकेचं पेटंट मिळालं, क्रमांक ६१३८०९. बोटीत बॅटरी होती, पंखा फिरवायला एक मोटर, सुकाणू वळवायला दुसरी. रिसीव्हर म्हणजे धातूच्या किसाने भरलेली नळी. रेडिओलहर आली की कीस एकमेकांना चिकटून वीज वाहू द्यायचा, आणि पुढचा संदेश ऐकण्यासाठी ती नळी उलटून कीस पुन्हा मोकळा करावा लागायचा. अमेरिकी नौदलाने काही हे फारसं मनावर घेतलं नाही.

टेस्लाच्या बोटीतली मला सगळ्यात भावणारी गोष्ट वेगळी आहे. तिला 'डावीकडे' आणि 'उजवीकडे' असे वेगळे संदेश कळत नव्हते. कळायचा एकच: 'पुढचं'. प्रत्येक टिचकीसरशी सुकाणू ठरलेल्या क्रमातल्या पुढच्या स्थितीत जायचं. आणि पन्नास वर्षांनी, १९५० च्या दशकात, ब्रिटनमधल्या छंदी लोकांनी घरी जुळवलेल्या सिंगल चॅनल बोटी अगदी याच तर्काने चालत होत्या. ट्रान्समीटरवर एकच बटण. दाबलं की उजवीकडे, सोडलं की सरळ, पुन्हा दाबलं की डावीकडे, सोडलं की सरळ. सुकाणू हलवायला मोटरही नाही. पीळ दिलेलं रबर आणि त्याला एक एक दात सोडणारी घड्याळासारखी कळ. आपण शेवटचं डावीकडे वळलो होतो की उजवीकडे, हे चालवणाऱ्याने लक्षात ठेवायचं. विसरला तर बोट वेताच्या झुडपात.

त्यानंतर रीड्स आले. ट्रान्समीटर वेगवेगळे सूर पाठवायचा आणि रिसीव्हरमध्ये पोलादी पट्ट्यांची एक फणी असायची, कमीजास्त लांबीच्या. आपल्या पेटीतल्या पट्ट्यांसारख्याच, फक्त उलट काम करणाऱ्या: पेटीत पट्टी थरथरून सूर निघतो, इथे सूर आला की त्याच लांबीची पट्टी थरथरून संपर्क जोडायची. थंडीत दोन्हींचे सूर जुळेनासे व्हायचे, मग ट्रान्समीटर पुन्हा 'लावून' घ्यावा लागायचा. टेलिफोन खात्यातल्या आजोबांनी हे सांगितलं तेव्हा मला तबल्याला हातोडी मारणारे लोक आठवले.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर डिजिटल प्रपोर्शनल पद्धत आली. काडी जितकी हलवाल तितकंच सुकाणू हलणार. तिचं मूळ अगदी साधं आहे: सर्व्होला सेकंदाला साधारण पन्नास वेळा एक स्पंद पाठवायचा. तो दीड मिलिसेकंदाचा असेल तर सुकाणू मध्यावर, एक असेल तर एका टोकाला, दोन असेल तर दुसऱ्या. ही बोली आजतागायत टिकली आहे. काल विकत घेतलेला स्पीड कंट्रोलरही दीड मिलिसेकंद म्हणजे 'मध्य' एवढंच समजतो. सगळं बदललं म्हणून हळहळणाऱ्यांना मी हे अधूनमधून ऐकवतो. त्यांना ते आवडत नाही.

आता पाटीबद्दल. जुने लोक सगळ्यात हळवे होतात ते तिच्याबद्दल. मॉडेलांना २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सहा जागा होत्या आणि त्यांना रंगांची नावं: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. (इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्यांनी ओळखलं असेल, रेझिस्टरवरच्या पट्ट्यांचाच हा क्रम, एक ते सहा.) प्रत्येक ट्रान्समीटरमध्ये आणि रिसीव्हरमध्ये त्या त्या जागेचा स्फटिक. दोघांनी एकाच रंगावर ट्रान्समीटर चालू केले तर दोन्ही बोटी बेभान. म्हणून काठावर एक लाकडी पाटी असायची, तिच्यावर रंगीत चिमटे. चिमटा घेतल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करायचा नाही. तुमच्या रंगाचा चिमटा पाटीवर नसेल तर तो ज्याच्याकडे आहे त्याला शोधा, त्याचं झालं का विचारा, झालं नसेल तर त्याच्याशेजारी उभे राहा. ब्रिटनमध्ये भर म्हणजे याच पट्ट्यात हौशी लोक चोरून सीबी रेडिओ वापरू लागले. अमेरिकी ट्रकवाल्यांचं फॅड. लॉरीत बसून कुणीतरी गप्पा मारायला लागला की तळ्यावरच्या बोटी आपसूक वळायच्या. २ नोव्हेंबर १९८१ ला सरकारने सीबी कायदेशीर केला, आणि साधारण त्याच काळात मॉडेलांसाठी नव्या जागा मिळाल्या: विमानांना ३५ मेगाहर्ट्झ, बोटी आणि गाड्यांना ४०. पाटी मात्र राहिली, चिमटे वाढले.

पण मुख्य गोष्ट सेलांची.

१९७० च्या आसपास विजेची बोट म्हणजे खेळणं, असाच समज होता. खरी शर्यत तेलाच्या इंजिनांची. ती किंचाळायची, धूर सोडायची आणि जोरात पळायची. विजेला संधी मिळाली ती बरीचशी त्या किंचाळण्यामुळेच. तळी गावातल्या बागेत, आजूबाजूला घरं, रविवारची सकाळ. तक्रारी झाल्या आणि एकेका तळ्यावर इंजिनांना बंदी आली. तेवढ्यात योगायोगाने हातातली ड्रिल मशीनं बिनतारी झाली. त्यांच्यासाठी झटकन भरणारा आणि भसाभस वीज देणारा निकेल-कॅडमियम सेल बनू लागला. 'सब-सी' आकार, २३ मिलिमीटर व्यास, ४३ मिलिमीटर उंची, वजन साधारण पन्नास ग्रॅम. त्यातले जपानच्या सान्यो कंपनीचे सेल शर्यतवाल्यांना देवासारखे. बोटीची मोटरही अशीच उसनी, माबुचीची ५४० मापाची, हेअर ड्रायर आणि खेळण्यांच्या कुळातली. हा खेळ स्वतःसाठी कधी काही बनवून घेऊ शकला नाही. दुसऱ्यांच्या ताटातलं उचलून तो जगला, आणि दुसऱ्यांनी जेवण बदललं की याचंही बदललं.

हिशोब करून पाहा. १९८० च्या दशकातला चांगला सेल १२०० मिलिअँपिअर-तासांचा. सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग. म्हणजे सेल नेमका शर्यत संपताना रिकामा व्हायचा असेल तर सरासरी बारा अँपिअर ओढायचे. सात सेलांचे ८.४ व्होल्ट गुणिले बारा, म्हणजे शंभर वॉट. घरातला जुना पिवळा बल्ब. एवढ्या ताकदीवर सहा मिनिटं इतरांच्या पुढे राहायचं. त्याहून मोठा पंखा लावलात तर पहिली चार मिनिटं तुम्ही राजे, आणि पाचव्याला बोट मटकन बसणार. निकेल-कॅडमियमचा स्वभावच तसा: शेवटपर्यंत व्होल्टेज धरून ठेवतो आणि मग एकदम कड्यावरून पडतो. लहान पंखा लावलात तर शर्यत संपल्यावर बॅटरीत वीज शिल्लक, आणि शिल्लक वीज म्हणजे न मारलेल्या फेऱ्या. पगार एक तारखेला, महिना तीस दिवसांचा, आणि बक्षीस ज्याच्या खिशात तीस तारखेला रात्री बरोबर शून्य उरेल त्याला. असा तो खेळ होता.

म्हणून सगळी कलाकुसर या हिशोबाभोवती. सेल घाऊक आणायचे, एकेक पूर्ण भरायचा, ठरावीक अँपिअरला रिकामा करायचा आणि किती सेकंद टिकला ते त्याच्यावर चिकटवायचं. मग सारख्या सेकंदांचे सात निवडून जोडी जमवायची, कारण सातांतला एक जरी आधी संपला तरी बाकीचे सहा त्याला उलटा भरून मारून टाकतात. काही जण याचाच धंदा करायचे; निवडलेल्या सातांची किंमत न निवडलेल्यांच्या कितीतरी पट. नव्वदच्या दशकात आणखी एक अघोरी प्रकार निघाला: मोठ्या कपॅसिटरमधून सेलाला क्षणभर प्रचंड करंटचा झटका द्यायचा. त्याने आतल्या जोडाचा अडथळा कमी होतो असं निदान होतं, आणि मोजल्यावर फरक खरंच दिसायचा. भरणं अगदी शर्यतीच्या तोंडावर, गाडीच्या बॅटरीवरून, कारण कोमट सेल जास्त देतो. आधी घड्याळी टायमर लावून आणि हाताला चटका बसतो का पाहून. नंतर असे चार्जर आले जे सेल भरल्यावर व्होल्टेज किंचित उतरतं ते ओळखून थांबत. शर्यत झाली की बोटीतून काढून गाडीच्या हेडलाइटचा बल्ब लावून उरलीसुरली वीज काढायची, म्हणजे सेलाला 'वाईट सवय' लागत नाही. दुपारी काठावर टेबलाखाली दहा-बारा बल्ब मिणमिणत असायचे. ते दृश्य मी पाहिलंय.

मोटरींचंही तसंच. मिक्सरचे कार्बन गेले म्हणून दुकानात फेरी मारलेल्या कुणालाही हे कळेल. बारा-पंधरा अँपिअरला कार्बन भराभर झिजतात आणि कम्युटेटर काळा पडून खडबडीत होतो. तळ्यावरचा टूलमेकर गाडीच्या डिकीत बुटाच्या खोक्याएवढा लेथ घेऊन यायचा आणि दोन शर्यतींच्या मधे लोकांचे कम्युटेटर केसभर तासून द्यायचा. पैसे घ्यायचा नाही, केक चालायचा. नवे कार्बन बसवले की मोटर पाण्याच्या ग्लासात बुडवून हळू फिरवायची. पाणी गढूळ काळं झालं की कार्बनला गोलाई आली. वेग कमीजास्त करायला सुरुवातीला सर्व्होने सरकवायचा रेझिस्टन्स: आपल्याकडच्या पंख्याच्या जुन्या, खोक्याएवढ्या, गरम होणाऱ्या रेग्युलेटरचं तत्त्व. मोजूनमापून मिळालेल्या शंभर वॉटांतले काही फक्त तापण्यात जायचे. ऐंशीच्या दशकात मॉसफेटवाले इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आले आणि ती गळती थांबली.

पाण्यातला पंखा हा त्याहून मोठा विषय आहे, पण त्यात फार बदल झालेला नाही. अमेरिकेतल्या ऑक्टुरा कंपनीचे बेरिलियम-तांब्याचे ओतीव पंखे तेव्हाही लागायचे, आताही लागतात. एक्स-४४२ म्हटलं की व्यास ४२ मिलिमीटर आणि पिच त्याच्या १.४ पट. पाकिटातून निघतो तो जाडाभरडा; पातं घासून, धार काढून, तोल साधून मगच लावायचा, आणि तेही ओल्याने घासून, कारण बेरिलियमची धूळ विषारी.

मी आलो तेव्हा सेल २००० आणि २४०० मिलिअँपिअर-तासांपर्यंत पोचले होते. वीसेक वर्षांत दुप्पट. २००० च्या आसपास निकेल-मेटल हायड्राइडने ३००० चा आकडा गाठला. एवढं तरी जुन्यांना पचलं, कारण सेलाचा आकार तोच होता, सात मोजता येत होते. पुढच्या सहा-सात वर्षांत मात्र तीन गोष्टी एकदम झाल्या. ब्रशलेस मोटर (घरोघरी आलेल्या बीएलडीसी पंख्यांमधली तीच कल्पना) अवेऑक्स, प्लेटेनबर्ग, लेहनर अशा नावांनी नव्वदच्या दशकातच आली होती, पण महिन्याच्या घरभाड्याच्या भावात. आता चीनमध्ये बनून ती दहाव्या हिश्शात मिळू लागली. लिथियम-पॉलिमर बॅटरी मोबाइल आणि लॅपटॉपच्या पंगतीतून उठून इकडे आली. आणि २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आले, जे आपली मोकळी जागा आपणच शोधतात.

फरक किती, तर सात जुने सेल: साडेतीनशे ग्रॅम, दहा वॉट-तास. आजचं दोन सेलांचं ५००० चं लिथियम पाकीट: तीनशे ग्रॅम, ३७ वॉट-तास. दुकानातून उचललेली तयार बोट आता ताशी ८० किलोमीटरने जाते, आणि ती चालवायला लेथही लागत नाही आणि केकही.

यापुढे जे झालं ते मला या इतिहासातलं सगळ्यात रंजक वाटतं. टंचाई संपली आणि शर्यतीची पंचाईत झाली. वीज हवी तेवढी असेल तर शर्यत पैशाची होते आणि धोक्याचीही. एक-दीड किलोचं टोकदार काहीतरी त्या वेगाने काठाकडे येत असेल तर फळीवर कुणी उभं राहणार नाही. मग नियमपुस्तकाने टंचाई हाताने तयार केली. युरोपात बॅटरीच्या वजनावर मर्यादा आली: सेल मोजायच्या ऐवजी बॅटरी तराजूत टाका. अमेरिकेत व्होल्टेजवर मर्यादा, आणि काही वर्गांत मोटर कोणती चालेल त्याची यादीच. लिथियमचा सेल पार रिकामा केला तर मरतो, त्यामुळे खिशात शून्य नाही, थोडी शिल्लक ठेवूनच महिना काढायचा. पण हिशोब तोच. सहा मिनिटं तीच.

म्हणून 'तेव्हा कसब लागायचं, आता फक्त बटण' असं कुणी म्हणालं की मी मान डोलावत नाही. आजचा चांगला चालक पंखा निवडताना तितकाच डोकं खाजवतो. 'तेव्हा स्वस्त होतं' हेही खरं नाही. निवडून जमवलेले सात सेल एका हंगामात थकायचे आणि गंभीर माणसाला वर्षाला तीन-चार संच लागायचे. आणि एक गोष्ट तर कुणी बोलतच नाही. त्या सेलांमधलं कॅडमियम. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या सांडपाण्यातून भातशेतीत कॅडमियम गेलं आणि माणसांची हाडं ठिसूळ झाली. रोग्यांच्या कण्हण्यावरून त्या आजाराचं नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय-दुखतंय', पडलं, आणि १९६८ मध्ये जपान सरकारने त्याचं कारण मान्य केलं. तो दोष सेलांचा नव्हता, खाणीचा होता. पण धातू तोच, आणि थकलेले हजारो सेल शेवटी कचऱ्यातच जाणार होते. युरोपीय संघाने २००६ च्या निर्देशाने छोट्या बॅटऱ्यांतलं कॅडमियम जवळजवळ बंद केलं. आणीबाणीचे दिवे, वैद्यकीय उपकरणं आणि बिनतारी हत्यारं तेवढी वगळली. हत्यारांची सूट ३१ डिसेंबर २०१६ ला संपली आणि सब-सीचा इथला शेवटचा आधारही गेला. सान्यो तोपर्यंत पॅनासॉनिकच्या पोटात गेली होती. १९३० पासून जर्मन पोरांना बोटी आणि विमानं पुरवणारी ग्राउप्नर कंपनी २०१२ साली दिवाळखोरीत निघाली. बंदी योग्यच होती असं माझं मत आहे. तळ्यावर ते बोलून दाखवलं की चहा थोडा वेळ शांततेत प्यावा लागतो.

मग गेलं ते काय? माझ्या मते दोन गोष्टी, आणि त्यांतली एकही वेगाची नाही. पहिली म्हणजे मधला कारागीर. बोट आणि चालक यांच्या मधे पूर्वी सेल निवडणारा होता, कम्युटेटर तासणारा होता, मोटरीला नवं वाइंडिंग करून देणारा होता. शर्यतीत कधीच पहिल्या तिघांत न येणारा माणूस या कामामुळे तळ्यावर महत्त्वाचा असायचा. ब्रशलेस मोटरीत तासण्यासारखं काही नाही, लिथियमचं पाकीट उघडायचं नसतं. तो टूलमेकर आजही येतो. त्याचा लेथ डिकीतच असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ती पाटी. तिची तांत्रिक गरज संपली हे उत्तमच झालं. दुसऱ्याच्या चुकीने आपली बोट जेट्टीवर आपटण्यात कसली गंमत. पण पाटीमुळे नव्या माणसाला काठावरच्या सगळ्यांशी बोलावंच लागायचं. माझ्या पहिल्या रविवारी माझा स्फटिक ज्याच्याशी जुळत होता त्याच्याशेजारी मी पाऊण तास उभा होतो. भारतातून आलेला, इंग्रजी उच्चार वेगळे, कुणी ओळखीचं नाही. चिमटा हवा होता म्हणून विचारावं लागलं, आणि तो माणूस उत्तर देता देता सेल कसे निवडायचे इथपर्यंत पोचला. आज नवा मुलगा येतो, ट्रान्समीटर चालू करतो, बोट पाण्यात सोडतो, अप्रतिम चालवतो आणि घरी जातो. त्याला कुणाला काही विचारायची गरज पडत नाही. काहींची नावं मला दोन वर्षांनी कळली आहेत. हा दोष रेडिओचा नाही आणि मुलांचा तर मुळीच नाही. पण पाटी नुसती अपघात टाळत नव्हती, हे ती गेल्यावरच कळलं.

सध्या आम्ही चार-पाच जण जुन्या बोटी जुन्यासारख्या पळवायचा प्रयत्न करतो आहोत. माझ्याकडे ऐंशीच्या दशकातली एक आहे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे फिरत आलेली, आतमध्ये ब्रशवाली मोटर. निकेल-मेटल हायड्राइडचे सब-सी अजून मिळतात, पण ते ३००० च्या पुढचे. ते पूर्ण भरले तर बोट पंधरा मिनिटं फिरत राहते आणि सगळा खेळच निघून जातो. म्हणून चार्जरला सांगायचं, १२०० भरलेस की थांब. सेल थोडे जड आहेत, तेव्हा इतर वजन कमी करायचं. पंखा जुन्या नोंदींप्रमाणे. त्या नोंदी टेलिफोनवाल्या आजोबांच्या वहीत आहेत: तारीख, वारा, पंखा, फेऱ्या, बोट बसली ती वेळ.

मे महिन्यात पहिल्यांदा नीट जमलं. पाच मिनिटं पन्नास सेकंदांनी मोटरीचा सूर उतरायला लागला आणि बोट शेवटच्या वळणावर पाण्यात खाली बसली. मला वाटलं, हेच ते. टूलमेकर फळीवर डोळे मिटून ऐकत उभा होता. म्हणाला, जवळपास आहे, पण निकॅड असं हळूहळू थकत नाही, तो एकदम जातो. मग त्याने माझी मोटर मागून घेतली, कम्युटेटर उजेडात धरून पाहिला, आणि डिकी उघडायला गेला.